डुलकीतली साक्ष

आमच्या चिपळूणचं माणूस जालन्याकडे सहसा जात नाही. तसं कारणच पडत नाही. मी दोनदा गेलो. पहिल्यांदा एका लग्नाला आणि दुसऱ्यांदा त्या लग्नातून उद्भवलेल्या खटल्यात साक्ष द्यायला. परत आल्यावर आळीतल्या लोकांनी विचारलं, तिकडे पाहिलंत काय काय? म्हणून लिहायला बसलो. पाहिलं बरंच. पण मी नक्की काय पाहिलं, यावरच तो खटला अडला होता.

पहिल्या खेपेचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. विठ्ठलराव अंबडचा. पोस्टात बदली होऊन तो आमच्याकडे आला आणि आठ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. आला तेव्हा माशाच्या वासानं नाक मुरडायचा, गेला तेव्हा काटे न काढता तारली खात होता. दोघेही निवृत्त झाल्यावर त्यानं मुलीच्या लग्नाला मला आग्रहानं बोलावलं. मे महिना होता. दुपारी बुंदी, पुरी, वांग्याची भाजी असं भरपूर जेवण झालं आणि आम्हा बाहेरगावच्या पाहुण्यांना जालना स्टेशनवर सोडायला विठ्ठलरावच्या बायकोचा भाचा भागवत आपली जीप घेऊन आला. पंचविशीचा, हसतमुख मुलगा. मी मानाचा पाहुणा, म्हणून मला पुढे बसवलं. मागे बायका आणि मुलं. डाव्या खिडकीतून ऊन भाजत होतं, म्हणून मी सीटवर आत, भागवतच्या बाजूला सरकून बसलो.

मला दुपारी झोपायची सवय आहे. अंबड सुटलं आणि मी पेंगायला लागलो. ती झोप नव्हती. इंजिनाचा आवाज कानावर येत होता, डिझेलचा वास येत होता, पण मी मात्र वाशिष्ठीच्या पात्रात होडीत बसलो होतो. लहानपणी पलीकडच्या गावी आजोळी जाताना बसायचो तसा. समोर नावाडी. त्याच्या पाठीमागून पिवळं ऊन. बघता बघता नावाड्याची हनुवटी छातीला टेकली आणि हातातलं वल्हं सुटलं. मला वाटत होतं, ओरडावं. तोंड उघडेना. मग मोठा आवाज झाला आणि माझं कपाळ काचेवर आपटलं.

समोरून येणारी मोटारसायकल आमच्या जीपखाली होती. चालवणारा रस्त्यावर पडला होता. अंकुशनगरकडचा, सिद्धार्थ नावाचा, चाळिशीचा माणूस. मी त्याच्या तोंडात पाणी घालायला गेलो तर ते गालावरून खाली ओघळलं. थोड्या वेळानं पोलीस आले. कुणी विचारण्याआधीच मी म्हणालो, "ड्रायव्हरला डुलकी लागली होती. मी स्वतः पाहिलं." त्या क्षणी मला त्यात तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. भागवत म्हणत होता, मोटारसायकलच अंगावर आली. दोन्ही गाड्या रस्त्याच्या मधोमध होत्या. मागची बायका-मुलं सगळी झोपलेली होती. पाहणारा असा मी एकटाच.

घरी आल्यावर मात्र माझी झोप उडाली. दोनेक महिन्यांनी मी विठ्ठलरावला फोन केला. होडीचं सगळं सांगितलं. म्हणालो, "विठ्ठल, मान पडलेली मी पाहिली ती भागवतची की नावाड्याची, हेच मला आता सांगता येत नाही." आठ वर्षांच्या मित्राशी नाही बोलायचं तर कुणाशी बोलायचं? तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे, डोक्याला त्रास करून घेऊ नको."

दोन वर्षांनी समन्स आलं.

बदनापूर, जालना, अंबड

फेब्रुवारीत निघालो. बदनापूरला गाडीत सकाळच्या कामावर जाणारी माणसं चढली. जागा मिळताच त्यातल्या निम्म्यांनी डोळे मिटले आणि जालना आल्यावर कुणी न उठवता उठून उतरली. मी पूर्ण प्रवासभर टक्क जागा होतो.

हा मुलूख आमच्या डोळ्यांना उघडा वाटतो. आमच्याकडे वळणावळणाला झाड, डोंगर, घर आडवं येतं. इथे नजर निघाली की थेट क्षितिजाला टेकते. ज्वारी काढायला आली होती. मधूनच मोसंबीच्या बागा, काळ्याभोर मातीत हिरवे गोल. जालन्याहून एसटीनं अंबडला जाताना ती जागा कुठली, हे शोधायचा मी प्रयत्न केला. सापडली नाही. सगळा रस्ता सारखाच दिसत होता.

मी लॉजवर उतरणार होतो. विठ्ठलराव स्टँडवरच उभा. पिशवी हातातून ओढून घेत म्हणाला, "माझं घर असताना लॉजवर? गावात तोंड दाखवायची सोय राहील का माझी?" आरोपीच्या नातेवाइकाच्या घरी साक्षीदारानं राहू नये, एवढं मला कळत होतं. तरी मी गेलो. हाही माझाच दोष.

वहिनींनी येसरची आमटी केली होती. भाजलेल्या डाळी-मसाल्याचं येसर, तिखटजाळ, वर तेलाचा तवंग, बरोबर ज्वारीची भाकरी. मी पाणी पीत पीत खाल्लं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या नारळाच्या कालवणाची सवय. आमचं सोसना का?" आम्ही हसलो. भागवतचं नाव कुणीच काढलं नाही. हात धुताना विठ्ठलराव हळूच म्हणाला, "शिर्के, मी तुला खोटं बोल म्हणत न्हाई. जे खरं हाय तेच बोल. बिलकुल तेच. तू पेंगत होता, हे खरं हाय ना?"

"आहे."

"मंग झालं. भागवतला आता लेकरू झालंय."

संध्याकाळी तो मला मत्स्योदरीच्या देवळात घेऊन गेला. टेकडी माशाच्या आकाराची म्हणतात. समुद्रापासून इतक्या दूर माशाच्या नावाची देवी पाहून मला बरं वाटलं. वरून सगळं अंबड दिसत होतं, पाण्याच्या टाक्या, कापसाच्या जिनिंगचे पत्रे, दूर जालन्याचा रस्ता. विठ्ठलरावनं डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. काय मागितलं हे मी विचारलं नाही.

कोर्ट, दोन दिवस

पहिल्या दिवशी आमचा पुकारा होणार होता, पण आधीची प्रकरणं लांबली. बाहेर कडुनिंबाखाली माणसं बसली होती. आमच्याकडे कोर्टात लोक वेगवेगळे उभे राहतात, एकमेकांकडे पाहत नाहीत. इथे वादी-प्रतिवादी एकाच टपरीवर चहा पीत होते आणि एकमेकांच्या जनावरांची चौकशी करत होते.

एक बाई माझ्याकडे आली. पस्तीस-छत्तीसची, इस्त्रीची साधी साडी, खांद्याला पर्स. "जय भीम, साहेब. मी सुनंदा. सिद्धार्थची बायको. तुमीच पुढं बसल्ते ना?"

मी उठून उभा राहिलो. ती अंगणवाडीत मदतनीस होती, रजा टाकून आली होती. तिनं माझ्या प्रवासाची चौकशी केली. मग विचारलं, "ते शेवटी काही बोलले का?"

"नाही."

"पाणी?"

"घातलं. गेलं नाही आत."

तिनं मान हलवली. जणू एवढं कळायला ती दोन वर्षं थांबली होती. मग डबा उघडला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. मला खाववेना, पण तिनं हातावर ठेवलंच. "खावा. एवढ्या लांबून आमच्यासाठी आलेत. सगळे मला म्हणतात, गाडी तुझ्याच नवऱ्यानं जीपवर घातली म्हणून. पोरीच्या शाळेतसुद्धा बोलतात, बापाची चूक होती. तुमी एकदा बोलले की बराबर होईल. तुमी डोळ्यांनी पाहिलंय."

कडुनिंबाच्या पलीकडे विठ्ठलराव आणि भागवत आमच्याकडे पाहत उभे होते. मी धपाटा खाल्ला. तो खमंग होता, हेही लक्षात आलं, आणि लक्षात आल्याची लाज वाटली. तिला मी होडीचं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हणालो, "जे आहे ते सांगेन." ती म्हणाली, "बस, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला पट्टेवाल्यानं माझं नाव पुकारलं. सरकारी वकिलांनी विचारलेलं सोपं होतं. कुठे बसला होता, कुठून कुठे चालला होता. ड्रायव्हर काय करत होता? मी म्हणालो, "त्याची मान खाली गेलेली मला दिसली." सुनंदाबाई मागच्या बाकावर होत्या. त्यांनी पदर नीट केला.

मग भागवतचे वकील उठले. वयस्कर, मृदू आवाजाचे. लग्नात जेवण काय होतं ते विचारलं. मी सांगितलं. पोटभर जेवलात? हो. दुपारी झोपता? झोपतो. त्या दिवशीही डोळा लागला होता? थोडा. मग ते थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शिर्केसाहेब, त्या वेळी तुम्हाला नदी दिसत होती का?"

मी विठ्ठलरावकडे पाहिलं. तो पंख्याकडे पाहत होता.

"उत्तर द्या. नदी दिसत होती का?"

"हो."

"होडी?"

"हो."

"होडीत नावाडी होता?"

मागे कुणीतरी हसलं. हो, मी म्हणालो, होता. मान पडली ती कुणाची, असं त्यांनी विचारलं. त्या क्षणी मला राग आला होता तो विठ्ठलरावचा. माझ्या मनातली गोष्ट त्यानं वकिलाच्या हातात दिली, याचा. पण त्या रागाखाली आणखी काहीतरी होतं, ते आता कबूल करतो. आपल्याला निश्चित ठाऊक नाही असं म्हणून टाकलं की सुटलो, असं वाटलं. यजमानाच्या घरी परत जेवायला बसता येईल, असंही.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"भागवतची मान खाली गेली हे तुम्ही जागेपणी पाहिलं, असं शपथेवर सांगाल?"

"नाही सांगू शकत."

ते बसले. मला जायला सांगितलं. दारातून बाहेर पडताना सुनंदाबाईंच्या समोरून जावं लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाय मात्र आत घेतले, मला वाट द्यायला.

घरी वहिनींनी शिरा केला होता. विठ्ठलराव माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू खरं बोललास."

"तू वकिलाला सांगितलंस."

"मंग? खोटं होतं का ते?"

मी शिरा खाल्ला नाही, एवढाच काय तो निषेध. बाकी मुक्काम तिथेच केला.

अंबडचा स्टँड

निघायच्या दिवशी सकाळी विठ्ठलरावला येऊ नको म्हणालो. तिकिटाच्या खिडकीशी उभा होतो तर मागून कुणी पिशवी पुढे केली. भागवत. पिशवीत मोसंबी. दोन वर्षांत तो दहा वर्षांनी थकल्यासारखा दिसत होता.

"काका, थोडं बोलायचंय. गाडीला टाइम हाय."

आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो. उसाच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. त्यानं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाला, "तुमी काल न्हाई म्हणले. पण तुमी बराबर पाहिलं होतं. मला झोप लागल्ती."

मी त्याच्याकडे वळलो.

"तीन दिस मी पाहुणे वाहून राह्यलो होतो. स्टेशन, मंडप, स्टेशन. डोळ्याला डोळा न्हाई. विठ्ठलमामा म्हणले, एवढी एक खेप कर. आत्यानं सांगितल्तं, कोकणातल्या पाहुण्याला जपून ने, तरास होऊ देऊ नको. गाव सुटलं आन् तुमची मान माझ्या खांद्यावर आली. तुमी इतके गाढ... मी हललोच न्हाई. गाणं लावावं तर तुमी उठताल. तंबाखू मळावी तर खांदा हालंल. तुमचा श्वास ऐकू येत होता, एकसारखा. तो ऐकता ऐकता मलाही..."

त्याच्या डाव्या खांद्याकडे माझी नजर गेली, ती मला तिथून काढता येईना.

"कोर्टात का नाही सांगितलंस?"

"वकील म्हणले गप राह्य. मामा म्हणले गप राह्य. मंग मी गप राह्यलो. पण कोणाला तरी सांगावं वाटलं. तुमी तर होतेच की तिथं."

असं म्हणून त्यानं चक्क माझे पाय धरले. स्टँडवरच्या लोकांना वाटलं असेल, कुणी भला माणूस आहे हा. मी त्याला उठवलं. चल, आत्ताच्या आत्ता परत जाऊ, असं म्हणालो. तो पिशवी माझ्याजवळ ठेवून निघून गेला. जाताना वळून म्हणाला, "मोसंबी आपल्याच बागंतली हाय."

मी कोर्टात गेलो. सरकारी वकील घाईत होते, तरी ऐकून घेतलं. म्हणाले, "काल शपथेवर तुम्ही झोपेत होता. आज आरोपीनं खासगीत सांगितलं म्हणून जागे झालात. अर्ज करता येईल. पण उलटतपासणीत तुमचं काय होईल, तुम्हीच विचार करा. तुम्हाला खोटा साक्षीदार ठरवतील." ते म्हणत होते ते खरं होतं. आणि ते ऐकून मला हायसं वाटलं, हे मी लपवणार नाही.

अंकुशनगर

जालन्याची गाडी सोडली आणि अंकुशनगरच्या गाडीत बसलो. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, मळीचा आंबूस गोड वास, रस्त्यावर पसरलेलं पाचट. ट्रॉलीवरच्या मोळ्यांवर दोन माणसं भर उन्हात झोपली होती, हात लोंबत होते. सुनंदाबाईंचं घर विचारत गेलो. पत्र्याचं, दोन खोल्यांचं, अंगण शेणानं सारवलेलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि शेजारी सिद्धार्थचा लग्नातला फोटो. मुलगी अभ्यास करत होती. सुनंदाबाईंनी मला पाहिलं आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बसा म्हणाल्या नाहीत.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. तीन दिवसांचं जागरण, खांदा, सगळं. माझी मान होती हेही सांगितलं. सुनंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी थांबल्यावर म्हणाल्या, "मला हे ठाऊकच होतं. त्यांनी कधी साइड सोडून गाडी चालवली न्हाई. मला सांगून काय उपयोग? मी कुठं जज्ज हाय?"

"तुम्हाला सांगितल्याशिवाय जाववेना."

"तुमाला हलकं व्हायचं होतं." आवाज चढलेला नव्हता. मग त्यांनी मुलीच्या हातातून वही घेतली, कोरं पान काढलं, पेन ठेवलं आणि माझ्यापुढे धरलं. "मंग लिहून द्या. आत्ता, हितं. भागवत काय बोलला ते. खाली सही करा. जिथं द्यायचं तिथं मी देते. एकदा पोरीला तरी दाखवीन."

मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी पेन हातात घेतलं. विठ्ठलराव आठवला, भागवतचं लेकरू, खोटा साक्षीदार हे शब्द. या वयात पुन्हा त्या पिंजऱ्यात उभं राहायचं. एक ओळ लिहायला असा कितीसा वेळ लागतो? मी म्हणालो, "घरी जाऊन वकिलाला दाखवून, नीट लिहून पाठवतो. चुकीचं काही जायला नको."

त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि वही मुलीला परत दिली.

"काल म्हणले झोपले होते," त्या म्हणाल्या. "आज तर चांगले जागे हायत."

मोसंबीची पिशवी मी ओट्यावर विसरलो होतो. मुलगी धावत रस्त्यापर्यंत ती द्यायला आली. आईनं सांगितलं होतं, एवढंच म्हणाली.

पाऊस सरता सरता निकाल लागला. विठ्ठलरावचा फोन आला. भागवत सुटला. निकालात लिहिलं होतं म्हणे, की मुख्य साक्षीदार घटनेच्या वेळी जागा असल्याचं सिद्ध होत नाही. मी अजून काही लिहून पाठवलेलं नव्हतं. चार मसुदे केले होते, टेबलाच्या खणात होते. फोनवर मी विठ्ठलरावला पहिल्यांदा सांगितलं की भागवतनं स्टँडवर माझ्याकडे सगळं कबूल केलं, त्याला झोप लागली होती.



"ठाऊक हाय मला," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून." मग विचारलं, "बाकी तब्येत बरी ना?"

मी म्हणालो, "बरी आहे."